ॲरे आणि फंक्शन : प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या सरावाची ओळख

खास प्रतिनिधी

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी बंद पडले. विमानसेवा, रुग्णालये, बँका यांचे कामकाज विस्कळीत झाले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर पाठविलेल्या एका नव्या फाइलमुळे हा प्रकार घडला होता. कंपनीने पुढच्याच महिन्यात प्रसिद्ध केलेल्या कारणमीमांसेनुसार, प्रोग्रॅमच्या एका भागाला २० मूल्ये पुरविण्यात आली होती. नव्या फाइलमुळे तो भाग २१वे मूल्य वाचावयास गेला. तेथे वाचण्याजोगे काही नव्हते आणि संपूर्ण यंत्रणा कोसळली.

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात प्रोग्रॅमिंग शिकलेल्या प्रत्येकास हा दोष परिचित आहे. ‘ॲरे’ नावाच्या यादीची सीमा ओलांडणे, असे त्याचे वर्णन करता येईल. ॲरे आणि फंक्शन या दोन कल्पना एकत्र आणणारे प्राथमिक सराव-प्रश्न जगभरच्या अभ्यासक्रमांत दिले जातात. बेरीज करा, सर्वांत मोठी संख्या शोधा, यादी उलटी करा, असे त्यांचे स्वरूप असते. हे प्रश्न दिसावयास सोपे असले, तरी ते एक शिस्त शिकवितात : यादी किती लांब आहे हे कोणाला ठाऊक आहे आणि तिच्यात बदल करण्याची मुभा कोणाला आहे, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरविणे. प्रोग्रॅमिंग शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी या सरावाची ही सविस्तर ओळख.

ॲरे म्हणजे काय?

एकाच प्रकारच्या अनेक मूल्यांची क्रमवार मांडणी म्हणजे ॲरे. गृहनिर्माण संस्थेच्या प्रवेशद्वाराशी टपालाच्या पेट्या ओळीने लावलेल्या असतात, तसे हे कप्पे असतात. संपूर्ण ओळीला एक नाव आणि प्रत्येक कप्प्याला एक क्रमांक. या क्रमांकास इंडेक्स म्हणतात. वर्गातील साठ विद्यार्थ्यांचे गुण साठवावयाचे असल्यास साठ निरनिराळी नावे देण्याऐवजी ‘गुण’ हे एकच नाव दिले, की क्रमांकाच्या साहाय्याने हव्या त्या विद्यार्थ्याचे गुण काढता येतात.

नवशिक्याला पहिला धक्का बसतो तो क्रमांकाच्या आरंभाने. सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांत पहिल्या कप्प्याचा क्रमांक शून्य असतो. पाच कप्प्यांच्या ॲरेत शून्य ते चार हेच क्रमांक वैध असतात; पाच हा क्रमांक सीमेबाहेरचा असतो. याचे कारण संगणकाच्या मेमरीच्या रचनेत आहे. सी भाषेत क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर. ॲरे मेमरीत १००० या पत्त्यापासून सुरू होत असेल आणि प्रत्येक संख्या चार बाइट जागा घेत असेल, तर ३ क्रमांकाचा कप्पा १००० अधिक ३ गुणिले ४, म्हणजे १०१२ या पत्त्यावर सापडतो. पहिला कप्पा आरंभापासून शून्य अंतरावर असतो, म्हणून त्याचा क्रमांक शून्य. कितीही लांब ॲरे असला तरी हव्या त्या कप्प्याचा पत्ता एका गुणाकाराने आणि एका बेरजेने मिळतो, हेच ॲरेचे मोठे बळ होय.

सर्वच भाषांनी ही पद्धत स्वीकारलेली नाही. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९५७ मध्ये उपलब्ध झालेल्या फोरट्रान भाषेत मोजणी एकपासून होती. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या टिपणात मोजणी शून्यापासून का असावी, याचे तर्कशुद्ध विवेचन केले. आरंभाचा क्रमांक धरावा, शेवटचा वगळावा. म्हणजे दोहोंतील वजाबाकी हीच यादीची लांबी होते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. लूप लिहिताना ‘क्रमांक लांबीपेक्षा लहान असेपर्यंत’ अशी अट घालावी, ‘लहान किंवा समान’ अशी नव्हे, हा वर्गात दिला जाणारा सल्ला याच विचाराशी जुळतो. ‘समान’ हा एक शब्द अधिक पडला, की लूप एक पाऊल जास्त टाकते आणि सीमेबाहेर जाते.

फंक्शन आणि त्याचा करार

प्रोग्रॅममधील एखादे ठरावीक काम वेगळे काढून त्याला नाव दिले, की फंक्शन तयार होते. त्याला काही माहिती द्यावी, त्याने काम करावे आणि उत्तर परत करावे, अशी व्यवस्था असते. ‘सरासरी काढ’ असे फंक्शन एकदा लिहिले, की ते गुणांसाठी, पावसाच्या नोंदींसाठी वा दुकानाच्या विक्रीसाठीही वापरता येते. आतील काम कसे चालते हे वापरणाऱ्याने जाणण्याची गरज नसते. परंतु काय द्यावयाचे आणि काय मिळणार, हे मात्र नेमके ठरलेले असावे लागते. हा एक प्रकारचा करारच असतो.

ॲरे फंक्शनकडे सोपविताना या करारात दोन कलमे वाढतात. पहिले कलम असे की, फंक्शनला यादीची छायाप्रत मिळते की मूळ कागदच मिळतो? दुसरे कलम म्हणजे यादीबरोबर तिची लांबीही कळविली जाते काय?

सी भाषेत साधी संख्या फंक्शनला दिली, तर तिची प्रत जाते. फंक्शनने प्रतीत काहीही फेरफार केले तरी मूळ संख्या सुरक्षित राहते. ॲरे दिल्यावर मात्र त्याच्या पहिल्या कप्प्याचा पत्ता तेवढा जातो. पत्ता हाती आला, की फंक्शन थेट मूळ यादीत लिहू शकते. बेरीज करावयास सांगितलेल्या फंक्शनने चुकून मूळ गुणच बदलले, तरी संगणक हरकत घेत नाही. यासाठी सी भाषेत ‘कॉन्स्ट’ या शब्दाची तरतूद आहे. ॲरेच्या घटकांच्या प्रकाराबरोबर तो लिहिला, की ‘या यादीत मी बदल करणार नाही’ अशी हमी फंक्शन देते आणि ती मोडण्याचा सरळ प्रयत्न झाल्यास कंपायलर आक्षेप घेतो.

लांबीचे कलम अधिक धोक्याचे आहे. सी भाषेत पत्त्याबरोबर लांबी जात नाही. ती निराळी कळवावी लागते. ‘साइझऑफ’ वापरून फंक्शनच्या आतच लांबी काढू पाहणारे विद्यार्थी येथे हमखास फसतात. दहा संख्यांचा ॲरे चाळीस बाइटचा असतो. परंतु फंक्शनच्या आत केवळ पत्त्याचे माप मिळते आणि आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर ते ८ बाइट असते. आठाला चाराने भागले, की उत्तर दोन येते आणि दहा विद्यार्थ्यांपैकी फक्त दोघांच्या गुणांची बेरीज होते. प्रोग्रॅम बंद पडत नाही. तो चुकीचे उत्तर मुकाट्याने देतो, म्हणून ही चूक पटकन लक्षात येत नाही.

जावा आणि पायथन या भाषांत यादीला स्वतःची लांबी ठाऊक असते, त्यामुळे ही अडचण येत नाही. परंतु मूळ यादी बदलण्याची शक्यता तेथेही कायम असते. पायथनमध्ये ‘ब बरोबर अ’ असे लिहिल्याने नवी यादी होत नाही, जुन्याच यादीला दुसरे नाव मिळते. ‘ब’मध्ये केलेला बदल ‘अ’मध्येही दिसतो. याउलट गो भाषेत निश्चित लांबीचा ॲरे फंक्शनला दिला, तर त्याची संपूर्ण प्रत जाते. भाषा बदलली की करार बदलतो, हे लक्षात ठेवणे इष्ट.

सरावाची चढती श्रेणी

या विषयावरील प्रश्न साधारणपणे पुढील क्रमाने दिले जातात. प्रत्येकात एक नवी अडचण दडलेली असते.

१. बेरीज आणि सरासरी. एका व्हेरिएबलमध्ये शून्य ठेवावे, लूपने एकेक घटक त्यात मिळवावा आणि शेवटी लांबीने भागावे. ६२, ७१, ५८, ८०, ४९ या गुणांची बेरीज ३२० आणि सरासरी ६४ येते. त्यात सहावा विद्यार्थी ३५ गुणांचा आला, तर बेरीज ३५५ होते. सी वा जावा भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार केल्यास उत्तर ५९ मिळते. दशांश भाग गळून पडतो. दुसरा प्रश्न रिकाम्या यादीचा. लांबी शून्य असेल तर शून्याने भागण्याची वेळ येते. रिकाम्या यादीसाठी काय परत करावयाचे, हे करारातच नमूद असावे.

आणखी एक जुनी अडचण मराठी वाचकांपैकी अनेकांना आठवेल. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या टर्बो सी या कंपायलरमध्ये साधा पूर्णांक दोन बाइटचा होता आणि त्यात ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावे. साठ विद्यार्थ्यांचे प्रत्येकी ६०० गुण मिळविले, तर बेरीज ३६,००० होते. पडद्यावर मात्र उणे संख्या उमटत असे. आजच्या कंपायलरमध्ये पूर्णांक बहुधा चार बाइटचा असल्याने मर्यादा पुष्कळ वाढली आहे, पण संपलेली नाही.

२. सर्वांत मोठी संख्या. आतापर्यंतची मोठी संख्या एका व्हेरिएबलमध्ये ठेवून पुढील प्रत्येक घटकाशी तिची तुलना करावयाची. बहुसंख्य विद्यार्थी आरंभी तेथे शून्य ठेवतात. परीक्षेच्या गुणांसाठी ते चालून जाते. हिवाळ्यातील लेहचे तापमान उणे ७, उणे १२, उणे ३ असे दिले, की फंक्शन ‘शून्य’ सांगते आणि शून्य तर यादीत नाहीच. उपाय सोपा आहे. यादीतील पहिलाच घटक आरंभीचे मूल्य म्हणून घ्यावा. बाहेरून आणलेले अनुमान यादीवर लादू नये, हा या प्रश्नाचा बोध.

३. शोध. दिलेले मूल्य यादीत आहे काय आणि असल्यास कोणत्या क्रमांकावर? सी व जावात लिहिताना, मूल्य न सापडल्यास उणे एक परत करण्याचा प्रघात आहे, कारण उणे एक हा तेथे वैध क्रमांक नाही. हाच प्रघात पायथनमध्ये घातक ठरतो. तेथे उणे एक म्हणजे शेवटचा घटक. ‘सापडले नाही’ हे उत्तर न तपासता क्रमांक म्हणून वापरले, तर शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण भलत्याच्या नावावर जातात. पायथनची यादीतील शोधाची स्वतःची सुविधा न सापडल्यास त्रुटी जाहीर करते, ती याच दृष्टीने सोयीची आहे.

४. यादी उलटी करणे. एक बोट पहिल्या कप्प्यावर, दुसरे शेवटच्या. दोन्हींतील मूल्यांची अदलाबदल करीत मध्याकडे यावयाचे. येथे दोन चुका ठरलेल्या. अदलाबदल करताना तिसरे व्हेरिएबल न वापरल्यास एक मूल्य कायमचे नष्ट होते. ही चूक सर्वपरिचित आहे. दुसरी अधिक गमतीची आहे. मध्यावर न थांबता लूप शेवटपर्यंत चालविले, की प्रत्येक जोडीची दोनदा अदलाबदल होऊन यादी पूर्ववत होते आणि विद्यार्थ्याला फंक्शनने काहीच केले नाही असे वाटते.

५. घटक काढून टाकणे. ४, ६, ६, ९ या यादीतून सर्व ६ काढावयाचे आहेत. लूप १ क्रमांकावर येते, ६ सापडतो, तो काढला जातो आणि मागचे घटक एकेक कप्पा पुढे सरकतात. दुसरा ६ आता १ क्रमांकावर आलेला असतो; लूप मात्र २ क्रमांकाकडे निघून जाते. परिणामी एक ६ यादीत शिल्लक राहतो. शेवटाकडून आरंभाकडे येणे हा एक उपाय. ठेवावयाचे घटक क्रमाने पुढच्या कप्प्यांत लिहीत जाणे आणि शेवटी नवी लांबी परत करणे हा दुसरा, अधिक वेगवान उपाय. लांबी बदलते तेव्हा ती बोलावणाऱ्याला कळविली पाहिजे, ही करारातील बाब येथे प्रथमच प्रत्यक्ष उपयोगी पडते.

६. यादी फिरविणे. १ ते ७ या संख्या डावीकडे दोन घरे सरकविल्या, की ३, ४, ५, ६, ७, १, २ असा क्रम मिळतो. नवी यादी न बनविता हे साधण्याची एक सुंदर युक्ती आहे. पहिले दोन घटक उलटे करावे, उरलेले पाच उलटे करावे आणि मग संपूर्ण यादी उलटी करावी. चौथ्या प्रश्नात लिहिलेले ‘उलटे कर’ हे फंक्शन, कोठून कोठपर्यंत एवढे सांगण्याची सोय असल्यास, तीनदा बोलावले की काम फत्ते. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या १९८६ च्या पुस्तकाने ही युक्ती अनेकांपर्यंत पोहोचविली. फंक्शन एकदा नीट लिहिले तर पुढची कामे किती हलकी होतात, याचे हे उत्तम उदाहरण. सात घटक नऊ घरे सरकविण्यास सांगितले, तर लांबीने भागून उरलेली बाकी, म्हणजे दोन, घ्यावी. रिकामी यादी मात्र आधीच वेगळी काढावी, नाहीतर पुन्हा शून्याने भागाकार ठेवलेलाच.

७. क्रमवारी. शेजारील दोन घटकांची तुलना करून गरजेप्रमाणे अदलाबदल करणारी ‘बबल सॉर्ट’ ही पद्धत प्रथम शिकविली जाते. साध्या स्वरूपात साठ घटकांसाठी १,७७० तुलना होतात. घटक दहा हजार झाले, की तुलना ४ कोटी ९९ लाख ९५ हजारांवर जातात. यादी वाढली की काम तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे विद्यार्थ्याला येथे आकड्यांतून उमगते. मूळ यादी बदलावयाची की नवी द्यावयाची, हा प्रश्नही येथे उभा राहतो. पायथनमध्ये यादीचे ‘सॉर्ट’ मूळ यादीच बदलते आणि काहीही परत करीत नाही. ‘सॉर्टेड’ नवी यादी देते. जावास्क्रिप्टचे ‘सॉर्ट’ मूळ यादी बदलते. नवी यादी देणारे ‘टूसॉर्टेड’ २०२३ च्या आवृत्तीत दाखल झाले. शिवाय जावास्क्रिप्टमध्ये वेगळी सूचना न दिल्यास संख्यांची क्रमवारी शब्दांप्रमाणे लावली जाते. १०, ९, १ यांची मांडणी १, १०, ९ अशी होते.

८. द्विभाजन शोध. यादी क्रमवार लावलेली असेल, तर शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो, तसे मध्य पाहून अर्धी यादी बाद करीत जाता येते. दहा लाख घटकांच्या यादीत अधिकाधिक वीस वेळा मध्य पाहावा लागतो. या दहा-बारा ओळींच्या फंक्शनने तज्ज्ञांनाही चकविले आहे. डावी आणि उजवी सीमा मिळवून दोनाने भागले की मध्य मिळतो, असे सर्वजण लिहीत. परंतु यादी प्रचंड असेल, तर ही बेरीज चार बाइटच्या पूर्णांकाची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा ओलांडते आणि मध्य उणे येतो. जावाच्या प्रमाण संग्रहात हा दोष कित्येक वर्षे लपून राहिला होता. तो संग्रह लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये त्याची जाहीर कबुली दिली. बेंटली यांच्या पुस्तकातील प्रोग्रॅममध्येही तोच दोष असल्याचे त्यांनी दाखवून दिले. उजव्या सीमेतून डावी वजा करून तिचे अर्धे डाव्या सीमेत मिळवावे, हा त्यावरील उपाय.

९. फंक्शनला फंक्शन देणे. शेवटच्या टप्प्यात ‘मॅप’, ‘फिल्टर’ आणि ‘रिड्यूस’ ही तीन नावे भेटतात. प्रत्येक घटकावर तेच काम करून नवी यादी बनविणे, अटीत बसणारे घटक निवडणे आणि संपूर्ण यादीचे एकच उत्तर काढणे, ही त्यांची अनुक्रमे कामे. प्रत्येक विद्यार्थ्याला पाच वाढीव गुण द्या, उत्तीर्ण तेवढे निवडा, त्यांची बेरीज करा, अशी साखळी लूप न लिहिता तयार होते. पहिली दोन नवी यादी देतात. त्यांना दिलेल्या फंक्शनने आगळीक केली नाही, तर मूळ यादीला हात लागत नाही. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये मांडलेल्या ‘मॅपरिड्यूस’ पद्धतीचे नाव याच कल्पनांवरून आलेले आहे. एकच काम हजारो संगणकांवर वाटून देण्यासाठी ती वापरली गेली.

सीमा ओलांडली तर?

जावामध्ये वैध नसलेला क्रमांक वापरला, की प्रोग्रॅम चालू असतानाच त्रुटी जाहीर होते. पायथनही शेवटच्या कप्प्यापलीकडे जाऊ देत नाही. सी भाषा अशी तपासणी स्वतःहून करीत नाही. १९७०च्या दशकारंभी डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडविली, तेव्हा मेमरी अल्प होती आणि वेग अमूल्य होता. सीमा सांभाळण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोपविण्यात आली. सीमेबाहेरचा क्रमांक वापरल्यास कधी निरर्थक संख्या मिळते, कधी शेजारच्या व्हेरिएबलचे मूल्य बदलते, तर कधी प्रोग्रॅम कोसळतो. कधीकधी काहीच बिघडलेले दिसत नाही आणि विद्यार्थी निर्धास्त होतो.

याची किंमत जगाने वेळोवेळी मोजली आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ने प्रवेशासाठी वापरलेल्या मार्गांपैकी एक असाच होता. आलेला मजकूर ॲरेत मावतो की नाही हे न पाहता तो भरून घेणाऱ्या ‘गेट्स’ या फंक्शनचा त्याने लाभ उठविला. त्या फंक्शनला जागेची लांबी सांगण्याची सोयच नव्हती. सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणातून ते अखेर काढून टाकण्यात आले. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’ या दोषात प्रकार वाचण्याचा होता. समोरच्या संगणकाने ‘माझा मजकूर इतका लांब आहे’ असे सांगितले, की त्यावर विश्वास ठेवून तेवढी मेमरी परत पाठविली जाई. प्रत्यक्ष मजकूर चार अक्षरांचा आणि सांगितलेली लांबी हजारोंची असेल, तर शेजारच्या मेमरीतील गुप्त माहितीही सोबत जात असे.

क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणाची मांडणी या सरावाशी सर्वांत जवळची आहे. बोलावणारा भाग २० मूल्ये देत होता, तर व्याख्येत २१ नमूद होती. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ अशी अट असल्याने ते मूल्य प्रत्यक्ष पाहण्याची वेळच आली नव्हती. ज्या दिवशी तेथे नेमकी अट आली, त्या दिवशी ते वाचले गेले. त्यानंतर कंपनीने या ठिकाणी सीमेची तपासणी बसविली आणि मूल्यांची संख्या जुळते की नाही हे आधीच पाहण्याची व्यवस्था केली.

सी भाषेपुरता आणखी एक सापळा येथे नोंदविला पाहिजे. फंक्शनच्या आत तयार केलेल्या साध्या ॲरेचा पत्ता उत्तर म्हणून परत केला, तर फंक्शन संपताच ती जागा मोकळी झालेली असते. पत्ता हाती राहतो, घर मात्र दुसऱ्याच्या ताब्यात जाते. ॲरे बोलावणाऱ्यानेच द्यावा आणि फंक्शनने तो भरावा, ही सुरक्षित पद्धत.

चाचणीसाठी सहा प्रसंग

फंक्शन लिहून झाल्यावर एका सोयीच्या यादीवर ते चालले, म्हणजे काम संपले असे नव्हे. पुढील सहा प्रकारच्या याद्या देऊन पाहाव्यात :

- रिकामी यादी.
- एकाच घटकाची यादी.
- सर्व घटक समान असलेली यादी.
- आधीच क्रमवार असलेली आणि उलट्या क्रमाची यादी.
- उणे संख्या असलेली यादी.
- शोधावयाचे मूल्य अगदी पहिल्या वा अगदी शेवटच्या कप्प्यात असलेली यादी.

वर उल्लेखिलेल्या चुकांपैकी अनेक या सहांपैकी एखाद्या प्रसंगात उघड्या पडतात. उत्तर काय यावयास हवे, हे प्रोग्रॅम चालविण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावे. नाहीतर पडद्यावर आलेले उत्तरच योग्य वाटू लागते. फंक्शनला यादी देण्यापूर्वीची आणि नंतरची मूळ यादी छापून पाहण्याची सवयही लावून घ्यावी. नकळत झालेला बदल त्यातून लगेच दिसतो.

कागद आणि पेन्सिल

महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी हा सराव सी भाषेतून केला. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक त्यासाठी राज्याबाहेरही वापरले गेले. भाषा कोणतीही असो, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘पहिला’ म्हणजे ‘शून्यावा’ हे पचविणे काहीसे अवघड जाते. त्यावर एक साधा उपाय उपयुक्त ठरतो. कागदावर कप्पे आखावेत, वर क्रमांक लिहावेत, आत मूल्ये भरावीत आणि लूपच्या प्रत्येक फेरीला व्हेरिएबलचे मूल्य खोडून नवे लिहावे. चार-पाच घटकांच्या यादीवर ही ‘कोरडी फेरी’ दहा मिनिटांत होते.

असे प्रोग्रॅम आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात लिहून देतात. मग हा सराव कशासाठी, असा प्रश्न पालक आणि विद्यार्थी विचारू शकतात. लिहून मिळालेला प्रोग्रॅम रिकाम्या यादीवर काय करतो, मूळ यादी बदलतो काय, ‘समान’चे चिन्ह अधिक पडले आहे काय, हे तपासण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावरच राहते. ज्याने स्वतः यादी उलटी करून ती पूर्ववत झालेली पाहिली आहे, त्याची नजर अशा ठिकाणी आपोआप थांबते.

म्हणूनच ॲरे घेणारे कोणतेही फंक्शन लिहिताना वा वाचताना तीन प्रश्नांची उत्तरे प्रथम टिपून ठेवावीत. यादीची लांबी कोणी सांगितली आहे? मूळ यादी बदलण्याची मुभा आहे काय? आणि यादी रिकामी असेल किंवा शोधलेले सापडले नाही, तर काय परत जाणार आहे? फंक्शनच्या वर टिप्पणीच्या दोन ओळींत ही उत्तरे लिहून ठेवली, तर पुढे ते वापरणाऱ्यालाही त्यांचा उपयोग होतो.